हिरव्या पालीची साक्ष

मंगळवार. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. वेळ पक्की आठवते, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, मी गॅस बंद करायला हात पुढे केला होता, आणि तेवढ्यात मागचं दार वाजलं. ते दार मी उघडलंच नसतं तर! पण उघडलं. आणि पुढे जे काही घडलं ते कुठल्या तोंडानं सांगू? तरी सांगते. पोटभर हसा. हसून झालं की शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

दारात शेजारचा रॉन. रॉन म्हणजे साठी उलटलेला, बस चालवून निवृत्त झालेला, एकटा माणूस. आमच्या कुंपणाची फळी निखळली की न सांगता ठोकून जायचा. त्याच्या हातात भलीमोठी काचेची पेटी, वरून जुनी शाल पांघरलेली.

"मॉर्निंग, लव्ह. हिअर शी इज. डोरिस!" इथले म्हातारे सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात.

झालं होतं असं, की दोन आठवड्यांपूर्वी त्यानं कुंपणावरून मला सांगितलं होतं. हर्नियाचं ऑपरेशन आहे, मग तीन आठवडे बहिणीकडे राहणार, तोवर डोरिसला सांभाळशील का? मला वाटलं डोरिस म्हणजे मांजर. मी म्हटलं, "येस येस, नो प्रॉब्लेम." तेव्हा माझ्या इंग्रजीत 'नो' हा शब्द फक्त 'प्रॉब्लेम'च्या आधीच यायचा हो!

रॉननं शाल काढली. आत पाल!

साधीसुधी नाही. वीतभर लांब, पोपटासारखी हिरवीगार, पाठीवर कुणी कुंकवाची बोटं टेकवावीत तसे लाल ठिपके. डोळ्यांना पापणीच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, लांब जीभ काढली आणि स्वतःचाच डोळा चाटला. माझ्या अंगावर असा काटा आला म्हणता! आणि माझी साडेतीन वर्षांची रेवा काचेला नाक लावून म्हणते कशी, "आई, ही आपली?"

रॉननं पेटी ओट्यावर ठेवली, मागच्या दाराशेजारी, कारण तिथलाच एक प्लग मोकळा होता. मग भराभर सूचना. दिवा असा, पाणी असं फवारायचं, वारा लागू द्यायचा नाही. पेटीच्या पाठीला वायर लावलेली एक पांढरी डबी होती, तिच्याकडे बोट दाखवून तो बराच वेळ काहीतरी बोलला. मी म्हटलं, "येस." खायला म्हणून त्यानं लहान बाळांना देतात तसल्या फळांच्या लगद्याच्या बारा बाटल्या आणल्या होत्या, केळं-जर्दाळूच्या. त्या त्यानं ओट्याखालच्या कपाटात ओळीनं मांडल्या. किती, कधी, कसं, सगळं सांगितलं. "येस, येस." किडे घालायचं म्हणाला तेव्हा मात्र मी दोन्ही हात जोडले. तो हसला. "फ्रूट विल डू," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी आमचे हे वेअरहाऊसमधून आले. पेटीकडे बघून म्हणाले, "हे काय गं? भारतातनं निघताना पालींना कंटाळले म्हणालीस, आणि इथं विकतची आणलीस?"

"रॉनची आहे. मादागास्करची."

"म्हणजे कुठली?"

सातवीत भूगोल हा माझा एकच विषय बरा होता. मी ॲटलास काढून दाखवला. "हे बघा बेट. आफ्रिकेच्या बाजूला. आणि समुद्र कुठला? हिंदी महासागर! म्हणजे आपल्याकडचीच की."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे फार महागात पडलं.

आता निर्मलाताईबद्दल सांगते, कारण गोष्ट खरं तर तिची आहे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, कोल्हापूरकडची, इथल्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. मी इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आले तेव्हा मला बसचं तिकीटसुद्धा काढता येत नव्हतं. ते तिनं शिकवलं. रेवाच्या वेळी माझी आई येऊ शकली नाही, तर बाळंतपण ताईनं केलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाला तेल लावणं, सगळं स्वतःच्या ड्युट्या सांभाळून. तिला स्वतःला मूल नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही, आम्ही कधी विचारायचो नाही.

रोज काम सुटलं की मागच्या दारानं, न ठोठावता आत. "आहेस का गं?" आणि पहिला हात रेवाच्या गालाला.

त्या जानेवारीत रेवाचं बोरनहाण करायचं ठरलं होतं. ताईनं अंगावर घेतलं, काळं झबलं ती शिवणार, हलव्याचे दागिने ती करणार. तुम्हाला माहीत आहे ना हलवा कसा करतात? तिळाचा एकेक दाणा पाकाच्या थेंबाथेंबानं फुलवायचा, मंद आचेवर, बोटांनी. थंडीत काटा चांगला येतो. ताईच्या बोटांची टोकं भाजून लाल झाली होती, पण खूश! "अगं, इंग्लंडच्या थंडीनं काय काटा आलाय बघ, कोल्हापुरात सात जन्मात आला नसता."

आणि पाल आल्यापासून पाच-सहा दिवसांनी, माझी रेवा जेवेना.

वाटीभर वरणभात चाटूनपुसून खाणारी पोर. घास पुढे केला की तोंड फिरवायची. "नको. पोट भरलं." अगं, कशानं भरलं? सकाळपासून दोन चमचे दूध! मी कावळा-चिमणी केली, नाच केला, ताटलीत भाताचा ससा केला. काही नाही. मला रात्रीची झोप लागेना. तिचा श्वास चालू आहे का ते बघायला उठायचे.

डॉक्टरकडे नेली. त्यांनी काट्यावर उभी केली आणि म्हणाले, काळजी नको, वजन तर छान वाढलंय.

वाढलंय? काहीही न खाता? मी ठरवलं, यांचा काटा बिघडलाय.

घरात जेवण जायचं ते एकट्या डोरिसला. आठवड्यात पाच बाटल्या फस्त! ही पाल आहे की म्हैस? बशीत वाढलेलं तर ती दोनदा चाटून सोडून द्यायची, आणि बाटल्या मात्र रिकाम्या. मला वाटलं, मी अर्धवट वापरून टाकून देत असेन. डोकं ठिकाणावर होतं कुठे माझं?

मग आला तो दिवस. ताई येऊन गेली होती. जाताना दारात रेवाला उचलून म्हणाली, "किती गोड दिसायला लागलीये गं! नजर हटत नाही बघ." आणि दार ओढून गेली. मी ओट्याशी उभी. मनात आलं ते तोंडातून निघून गेलं, "हिचीच तर दृष्ट नसेल लागली?"

टक्. टक् टक्.

पेटीतून!

मी जागच्या जागी थिजले. आमच्या माहेरी बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं. आत्या लगेच जमिनीवर बोटं आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणायची, आणि त्या गोष्टीवर पुन्हा वाद नाही. मी खाली बसून व्हिनाईलच्या फरशीवर बोटं आपटली. कृष्ण कृष्ण.

पण मी एकदम विश्वास ठेवणारी नाही बरं का! मी परीक्षा घेतली. रेवा झोपल्यावर सगळी दारं-खिडक्या लावून पेटीसमोर खुर्ची टाकून बसले.

"पलीकडच्या रस्त्यावरच्या शोभाची दृष्ट?"

गप्प.

"यांच्या मावशीची?"

गप्प. डोळा चाटला.

"माझी स्वतःची?"

गप्प.

दुसऱ्या दिवशी ताई मागच्या दारानं आत आली. "आहेस का गं?"

टक् टक्!

त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. ताई आत, की टक्. ताई बाहेर, की टक्. वकील सोडा, न्यायाधीशसुद्धा याच्यापुढे काय पुरावा मागणार?

यांना सांगितलं. हे पेपर बाजूला न करता म्हणाले, "वेडी आहेस. इंग्लंडच्या पालीला मराठी कळतं का?"

"ती इंग्लंडची नाही, हिंदी महासागरातली आहे!"

यावर त्यांनी पेपरचं पान उलटलं. मी समजले, पटलं.

मग मी रेवाच्या गालावर काजळाची तीट लावायला लागले. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. ताईची यायची वेळ झाली की रेवाला वरच्या खोलीत पाठवायचे आणि ताईला सांगायचे, झोपलीये. एकदा वरून रेवा ओरडली, "मावशी, मी झोपले नाहीये!" ताई माझ्याकडे बघून हसली. नेहमीसारखं नाही. मी पाठ फिरवून भांडी घासायला लागले. स्वच्छ भांडी.

आणि सगळ्यात वाईट काय केलं माहीत आहे? शोभाला फोनवर सांगितलं. "कुणाला बोलू नकोस हं." आता तुम्ही मराठी बायका आहात, पुढचं मी सांगायला नको. शनिवारपर्यंत ही गोष्ट साउथॅम्प्टनपर्यंत पोहोचली होती.

शनिवारी बोरनहाण. सात-आठ बायका, त्यांची पोरं, पाट मांडलेला, रेवा मधोमध. बोरं मिळाली नव्हती म्हणून द्राक्षं, ऊस नाही म्हणून गाजराचे तुकडे, चुरमुरे आणि गोळ्या. मी ताईला येऊ नकोस म्हणाले नव्हते. तेवढी हिंमत नव्हती. मला वाटत होतं, तिच्या कानावर आलं असेल, तीच येणार नाही.

ती आली. मागच्या दारानं. लाँड्रीच्या कपड्यांत नाही, हिरवी इरकल नेसून. एका हातात झबलं, दुसऱ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात कापसावर हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. पांढरेशुभ्र, काटेरी, जसे काही चांदण्या ओवल्यात.

"झाला का गं उशीर? ये रेवू, आधी मुकुट घालू."

टक्.

बाकी कुणाला ऐकू आलं नसेल. मला आलं. ताईनं हात पुढे केला आणि मी मध्ये उभी राहिले. सगळ्यांदेखत. म्हटलं, "ताई, तू नको. तू हात लावू नकोस तिला."

एका बाळानं चुरमुरे सांडले, तेवढाच आवाज. शोभा खाली बघायला लागली. ताईनं आधी शोभाकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे, मग माझ्याकडे. तिला कळलं. काय म्हणत असतील ते तिनं आयुष्यभर ऐकलेलंच होतं ना! फक्त माझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

तिनं डबा पेटीजवळ ओट्यावर ठेवला, वर झबल्याची घडी ठेवली. म्हणाली, "दमट जागी ठेवू नकोस. हलवा विरघळतो."

आणि पुढच्या दारानं गेली. माझ्या घरातून पहिल्यांदाच पुढच्या दारानं.

पेटीतून आवाज आला नाही. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बघा, पाल गप्प झाली, पीडा टळली!

आठ दिवसांनी रॉन परतला. काठी टेकत, पण हसत. मी चहा केला. त्यानं डोरिसकडे बघितलं, कपाट उघडलं, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. बारा बाटल्यांतली एकही शिल्लक नव्हती. वर मी दुकानातून आणलेल्या चारही संपल्या होत्या.

"हू एट ऑल धिस?"

"डोरिस," मी म्हटलं. "शी ईट टू मच."

"डोरिस? तिला एक दिवसाआड एक चमचा पुरतो गं बाई! एक बाटली उघडायची, थोडं द्यायचं, बाकी फ्रिजमध्ये. तुला सांगितलं होतं की मी."

सांगितलं होतं. आणि मी म्हटलं होतं, येस. उघडलेल्या बाटल्या मी परत खालच्या कपाटातच ठेवत होते.

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. चप्, चप्. आम्ही दोघं वाकलो. टेबलाच्या पायांमध्ये रेवा मांडी घालून बसलेली. शेवटची बाटली हातात, पहिलं बोट पार आत, तोंडभर केळं-जर्दाळू.

"डोरिसला देत होते," ती म्हणाली. "तिला नको होतं."

म्हणजे पोट भरलं म्हणत होती ते खरंच भरलेलं होतं. डॉक्टरांचा काटा बरोबर होता. मग पाल? पालीनं साक्ष दिली त्याचं काय?

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत रॉनला विचारलं. डोरिस बोलते ना? टक् टक्?

रॉन म्हणाला, "डोरिस? सहा वर्षांत एक शब्द नाही काढला. बेसिंगस्टोकमधली सगळ्यात सभ्य बाई आहे ती."

"नो, नो. टक् टक्! माय फ्रेंड कम, टक् टक्!"

त्यानं जरा विचार केला. मग उठला, मागचं दार सताड उघडलं. जानेवारीतला गार वारा भसकन आत आला. आम्ही तिघं उभे. रॉननं बोट वर केलं. थांब.

टक्. टक् टक्.

त्यानं ती वायरवाली पांढरी डबी दाखवली. "थर्मोस्टॅट, लव्ह. थंडी लागली की हीटर चालू करतो. त्याचा आवाज."

आणि माझ्या घरात मागच्या दारानं, रोज, थंडी बरोबर घेऊन येणारी एकच बाई होती.

डोरिसनं माझ्याकडे बघितलं आणि डोळा चाटला.

मी स्वेटर न घालता चपलांतच धावले. ताईचं घर दोन रस्ते पलीकडे. दारात व्हॅन उभी. तिचे मिस्टर खुर्च्या चढवत होते. त्यांना कार्डिफला नोकरी लागली होती, हे मला तिथे कळलं. ही बातमी ताई मला बोरनहाणाच्या दिवशी सांगणार होती म्हणे, पेढे देऊन.

ताई दारात उशांचं गाठोडं घेऊन उभी. मला धाप लागलेली. येताना वाटेत मी काय काय जुळवलं होतं बोलायला! आणि तोंडातून काय निघालं?

"ताई, ती पाल नव्हती! थर्मोस्टॅट होता!"

"काय?"

"थर्मोस्टॅट. थंडीनं वाजतो. आणि रेवानं पालीचं सगळं खाल्लं!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. एखाद्या येड्या माणसाकडे बघावं ना, तशी. तिला बिचारीला यातलं काय कळणार? तिच्यावर आरोप होता एवढंच तिला माहीत, साक्षीदार कोण होता ते कुठे ठाऊक! मग हळू विचारलं, "रेवू जेवायला लागली का?"

मी मान हलवली. मला रडूच कोसळलं.

"बरं झालं," म्हणाली. मागून मिस्टरांनी हाक मारली, "अगं निर्मला, पार्किंगवाला येतोय, चल!" ती गाठोडं घेऊन व्हॅनमध्ये बसली. आणि व्हॅन वळल्यावर, अगदी वळल्यावर, माझ्या लक्षात आलं, की मी पालीचं सांगितलं, थर्मोस्टॅटचं सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं. फक्त 'माझं चुकलं' हे सांगायचं राहिलं.

पत्ता विचारायचं भानच नव्हतं. आता तो शोभाकडे नाही, कुणाकडेच नाही. आमच्यातल्या कुणाला तोंड राहिलं होतं, तिच्याकडे पत्ता मागायला? रेवा आता सहा वर्षांची आहे. हलव्याचे दागिने अजून त्याच डब्यात आहेत, कोरड्या जागी, तिनं सांगितलं तसे. एक दाणासुद्धा विरघळलेला नाही.

मी कधी कधी त्या महिन्याचा हिशोब करते. यांनी थट्टा केली, शोभानं फोन केले, थर्मोस्टॅटसुद्धा बोलला, आणि मी तर काय काय बोलले. सबंध महिन्यात त्या स्वयंपाकघरात एकच जीव तोंड मिटून बसला होता, आणि मी नेमकं त्याच्यावर बोलल्याचा आळ घेतला. पाल माझ्यापेक्षा शहाणी होती.

तर ते काम. आपल्या मराठी मंडळाचा हा अंक कार्डिफला जातो, मला माहीत आहे. तिकडे कुणाला निर्मलाताई भेटली, कोल्हापूरकडची, हॉस्पिटलात नोकरी करत असेल, बोटांची टोकं भाजलेली असतील, कारण दर संक्रांतीला ती कुणाच्या तरी पोरासाठी हलवा करत असणारच, तर तिला एवढं सांगा. थर्मोस्टॅटचं सांगू नका, ते तिला एकदा सांगून झालंय. म्हणावं, बेसिंगस्टोकची ती म्हणते, माझं चुकलं. आणि म्हणावं, येशील तेव्हा मागच्या दारानंच ये. दार उघडंच ठेवलंय. थंडी आत आली तर येऊ दे.